गजभियेजींची डिक्की

गाडीचे मागचे दार उघडले की मला आजही गजभियेजींचा राग येतो. त्यांना जाऊन दीड वर्ष झाले. गेलेल्या माणसावर रागावू नये, हे मला कळते. पण परवा आंधळगावच्या रस्त्यावर चाक बसले आणि मी भर उन्हात वीस मिनिटे जॅक शोधत उभा राहिलो, तेव्हा ते कळणे काही कामाला आले नाही. जॅक गाडीतच होता. तो ‘डा-४’ मध्ये होता. ‘डा-४’ कुठे आहे हे सांगणारा कागद ‘उ-१’ मध्ये होता, आणि ‘उ-१’ उघडायचा असेल तर आधी ‘उ-२’ पूर्ण बाहेर ओढावा लागतो. हे मला ठाऊक असायला हवे होते, कारण गजभियेजींनी ते मला किमान चाळीस वेळा सांगितले होते. चाळीसही वेळा मी मान डोलावली होती. माझ्या स्वभावाला ते सोपे पडते.

आमचा उद्योग तसा लहान. महिन्यातून चार वेळा भंडाऱ्याहून निघायचे, एखाद्या गावातल्या शाळेत किंवा समाजमंदिरात बसायचे, म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासायचे, जवळचे दिसत नसेल त्यांना तयार चष्मा द्यायचा आणि मोतीबिंदू असेल त्यांना नागपूरच्या एका धर्मादाय रुग्णालयाकडे पाठवायचे. डोळे तपासायला रूपाली. ती या विषयात रीतसर शिकलेली, वयाने माझ्या मुलीएवढी आणि बोलायला माझ्यापेक्षा पुष्कळ धीट. मी भूगोलाचा निवृत्त प्राध्यापक. माझ्याकडे गाडी चालवणे आणि नावे लिहून घेणे, एवढेच. गाडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दिलेली. परदेशी जाताना वडिलांची ती उंच, रुंद, सात आसनांची गाडी त्याने आमच्या दारात आणून उभी केली. आमच्या गल्लीत वळताना ती जितकी अवघडते त्याहून मी अधिक अवघडतो.

गजभियेजी आमच्यात आले ते स्वतःहून. एका सरकारी कार्यशाळेच्या स्टोअरमध्ये तेहतीस वर्षे काढून ते निवृत्त झाले होते आणि आमच्या मागच्या गल्लीत राहत होते. एका सकाळी त्यांनी फाटकाशी उभे राहून विचारले, “सर, सामानाचं कोन पाहते?” मी म्हणालो, तसे कोणीच पाहत नाही. त्यांनी काचेतून आत डोकावले. आत लेन्सची पेटी सतरंजीत गुंडाळून आडवी ठेवलेली होती, चष्मे मिठाईच्या खोक्यांत होते आणि घडीचे टेबल कुठेतरी तिरपे अडकले होते. एखाद्याने आपल्या घरातला मृतदेह पाहावा तसे त्यांनी ते पाहिले. “मंग मी पाहीन,” ते म्हणाले. मी हो म्हटले.

बारीक, ठेंगणे, पँटला नेहमी कडक घडी. शर्टाच्या खिशात पेन्सिल, सहा इंची पोलादी पट्टी आणि खडूचा तुकडा. पट्टी बाहेर काढण्यासाठी त्यांना कारण लागत नसे. बोलता बोलता ते समोरच्या टेबलाची कड मोजत आणि बोलणे तसेच पुढे चालू ठेवत. वस्तूंशी त्यांचा हात फार मऊ होता. माणसांशी बोलताना मात्र आवाजाला स्टोअरच्या खिडकीची धार यायची. खिडकीच्या आत ते, बाहेर तुम्ही, आणि तुमचा कागद अपुरा.

पहिला महिनाभर त्यांनी नुसते पाहिले. मग मी चार दिवस एका लग्नासाठी बाहेरगावी गेलो आणि परत आलो, तेव्हा गाडीची शेवटची आसने आमच्या व्हरांड्यात, रस्त्याकडे तोंड करून बसली होती. माझी पत्नी दारात उभी होती. “दोन दिवसांपासून बसलेत,” ती म्हणाली. “चहा विचारायचा का?”

मी गजभियेजींकडे गेलो. रागावूनच गेलो होतो, पण वाटेत राग पातळ होतो हा माझा नेहमीचा अनुभव.

“गजभियेजी, आसने काढायची नव्हती. कधी पेशंटला नागपूरला न्यायचे झाले तर?”

“मानूस एसटीनं जाऊ शकते, सर,” ते प्लायवूडवर रेघ मारता मारता म्हणाले. “लेन्सची पेटी नाइ जाऊ शकत.”

मी घरी परतलो. यावरचे उत्तर दुसऱ्या दिवशी सुचले, पण तोवर प्लायवूड कापून झाले होते.

त्यांनी जे केले ते उत्तम होते, हे मला कबूल करावे लागेल, आणि रागाचे अर्धे कारण तेच आहे. डिक्कीत तीन रांगांचे ड्रॉवर बसले: डावी, मधली, उजवी. प्रत्येक वस्तूचा आकार फोममध्ये कोरून काढलेला. पेटी उचलली की खाली तिचीच रिकामी आकृती दिसायची आणि काही विसरले असेल तर ती पोकळी आपल्याकडे पाहत राहायची. चष्मे नंबरवारीने उभे. टेबल छताखाली दोन पट्ट्यांत अडकवलेले, सतरंजी गुंडाळून ड्रॉवरच्या मागे, पाण्याचे दोन कॅन दोन्ही चाकांच्या कमानींवर. त्या डिक्कीला ते डिक्की म्हणत नसत. ‘मागची खोली’ म्हणत, आणि त्या खोलीत त्यांच्याखेरीज कोणी हात घातलेला त्यांना खपत नसे.

रूपालीची पहिली चकमक तिथेच झाली. समोर खुर्चीवर एक आजोबा, चाचणीची फ्रेम नाकावर, मागे पस्तीस माणसे ताटकळत.

“काका, प्लस अडीच द्या.”

“उजवी तीन, मागचा कप्पा, दुसरी ओळ.”

“मला पत्ता नको, चष्मा हवा.”

“पत्ता ठाऊक असला तं चष्मा भेटते. आज मी हाव. उद्या नसलो तं?”

“उद्या नसलात तर मी मिठाईच्या खोक्यातून काढीन.”

ते आजोबा दोघांकडे आळीपाळीने पाहत होते आणि पाहताना त्यांना दोघेही अंधूक दिसत असावेत. गजभियेजींनी चष्मा आणून दिला. पुसून दिला. पण संध्याकाळी परतताना गाडीत एकच वाक्य बोलले, मला उद्देशून: “वस्तू हरवत नाइ, सर. मानूस तिले हरवते.” रूपालीने खिडकीची काच खाली केली.

मग वजनाचे प्रकरण आले. गाडी किंचित डावीकडे झुकते, असे त्यांना वाटू लागले. मला ते जाणवत नव्हते, रूपालीला नव्हते, गॅरेजवाल्याला नव्हते. आंधळगावच्या एका राइस मिलसमोरून जाताना त्यांनी मला गाडी थांबवायला लावली. धानाची पोती मोजायच्या काट्यावर त्यांनी एकामागून एक ड्रॉवर ठेवले. हमाल पोती टेकवून तमाशा पाहत उभे राहिले.

“काय हाय जी याच्यात?” एकाने विचारले.

“चष्मे.”

“चष्म्याचा भाव काय पोत्यानं चालू हाय का?”

सगळे हसले, गजभियेजी सोडून. डावी बाजू अकरा किलोंनी जड निघाली. ते समाधानाने माझ्याकडे वळले, जणू अकरा किलोंचा मीच अपराधी होतो. त्या दिवसापासून दोन्ही कॅनमधले पाणी आळीपाळीने प्यायचे असा नियम झाला. मी एकदा तहानेच्या भरात डाव्या कॅनमधून दोन पेले लागोपाठ प्यालो, तर त्यांनी उजव्यातला एक पेला झाडाखाली ओतून टाकला.

आणि खडखड. तुमसरच्या रस्त्यावर मागून कुठूनतरी बारीक खडखड येत होती. मला ती ऐकू आली नसती, पण त्यांनी सांगितल्यावर दुसरे काही ऐकू येईना. तीन खेपा त्यांनी ड्रॉवरच्या प्रत्येक सरकत्या चॅनेलला तेल दिले. चौथ्या खेपेला ते स्वतः मागच्या खोलीत शिरले. ड्रॉवरच्या आणि दाराच्या मधल्या हातभर फटीत अंगाची घडी करून, कान प्लायवूडला लावून पडले आणि म्हणाले, “दार लावा. सत्तरनं चालवा.” मी विरोध केला, इतका क्षीण की त्यांना तो होकार वाटला. कारध्याच्या पुलाआधी पोलिसाने हात दाखवला. कागद पाहिले, मग त्याची नजर मागे गेली.

“मागं कोन हाय?”

खोटे बोलावे की खरे, हे ठरेपर्यंत आतून आवाज आला, “सर, थांबू नका, भेटून राहिली.”

पोलिसाने दार उघडले. गजभियेजी आडवेच होते, हातात टॉर्च. “एक स्क्रू ढिला हाय,” त्यांनी त्यालाच सांगितले. पोलीस बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग मला म्हणाला, “मास्तर, तुमी शिकलेले दिसता,” आणि कागद परत दिले. दंडापेक्षा ते वाक्य मला अधिक लागले.

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पुढचे नाही आले.

सिहोऱ्याच्या पुढे एक गाव आहे. तिथल्या बौद्ध वस्तीत, विहारासमोरच्या मंडपात, आम्ही पावसाळ्यात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, बसलो होतो, तेव्हा सगुणाबाई पहिल्यांदा आल्या. सत्तरीपुढच्या, काटक, एकट्या राहणाऱ्या. एका डोळ्याला मोतीबिंदू पूर्ण पिकत आला होता, दुसऱ्याला नुकता सुरू होता. रूपालीने ऑपरेशन सुचवले. “रोवना आटपू दे, धान घरी येऊ दे,” त्या म्हणाल्या, “मंग घेऊन जा कुठी न्याचं तं.” रूपालीने मला बाजूला घेऊन सांगितले की हा डोळा फार दिवस थांबणार नाही, पुरता पिकला तर आत दाब वाढतो, आणि मग ऑपरेशन करूनही हाती काही लागत नाही. मी नावापुढे खूण केली.

डिसेंबरात आम्ही परत गेलो. त्या आल्या, तपासून घेतले, पुढच्या सोमवारी नागपूरला यायला कबूल झाल्या. चार वाजले. गजभियेजी सामान भरत होते. सामान भरताना त्यांच्याशी बोलायचे नसते. सगुणाबाई घरी जाऊन परत आल्या त्या हातात पांढऱ्या फडक्याचे गाठोडे घेऊन. नवा चिन्नोर होता. त्या तांदळाचा वास मला पाच हातांवरून आला.

आमच्या भागात नवे धान घरी आले की ज्याने आपले काही भले केले त्याच्या घरी पहिला तांदूळ पाठवतात. ती भेट नसते. तुम्ही आमचे झालात, एवढे सांगणे असते. हे गजभियेजींना ठाऊक नव्हते असे नाही. ते त्याच मातीतले, त्याच समाजातले. त्यांची आई दुसऱ्यांच्या शेतांत रोवणीला जात असे, हे त्यांनीच एकदा ओघात सांगितले होते. पण त्या क्षणी त्यांच्यासमोर एक वस्तू होती आणि तिला कप्पा नव्हता.

“साहेब, हे ठेवा गाडीत,” सगुणाबाई म्हणाल्या. “आमच्या घरचा हाय.”

“नाइ मावशी. जागा नाइ.”

“एवढ्या मोठ्या गाडीत?”

इथे कोणीही दुसरा माणूस ओशाळला असता. गजभियेजींना वाटले, बाईंना व्यवस्थेत रस आहे. त्यांनी एकेक ड्रॉवर ओढून दाखवायला सुरुवात केली. हे प्लस एक, हे प्लस दीड. ही लेन्सची पेटी, हिच्याखाली हात जात नाही. इथे टेबल. इथे पाणी. तांदूळ सांडला तर चॅनेलमध्ये जातो आणि ड्रॉवर अडकतो. सगुणाबाईंनी शेवटच्या ड्रॉवरपर्यंत सगळे ऐकून घेतले. गाठोडे कडेवर होते, मूल घ्यावे तसे.

“पायलीभर तांदळाले जागा नाइ म्हंता.”

“जागा हाय, मावशी. पन ते दुसऱ्याची हाय.”

त्यांनी गाठोडे दुसऱ्या कडेवर घेतले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “माह्या मायच्या वक्ताले लोक असंच सांगत, साहेब. इथं जागा नाइ, तिथं जागा नाइ. खोटं नसे कोनाचं. दाखवूनबी देत.”

आणि गाठोडे घेऊन गेल्या.

मी वही हातात धरून दोन पावलांवर उभा होतो. ‘माझ्याजवळ द्या, मी पुढे पायाशी ठेवतो,’ एवढे म्हणणे मला शक्य होते. मी म्हटले नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात पडू नये, हे माझे आयुष्यभराचे वळण मला त्या वेळी फार सभ्य वाटले.

तुमसर आले. तेव्हा गजभियेजी म्हणाले, “त्या बाईचं नाव काय?”

“सगुणाबाई.”

“आडनाव?”

मी सांगितले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “आमच्यातलीच हाय.” बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, “तिले वाटलं तिच्या हातचं नको.” रूपाली पुढे बसली होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही.

सोमवारी नागपूरला न्यायच्या तिघांपैकी दोघे आले. सगुणाबाई आल्या नाहीत. गावचे आरोग्य पाहणाऱ्या आशाताई धावत निरोप घेऊन आल्या: “आजी नाइ येत म्हनते. म्हनते, त्या गाडीत जागा नसन.” रूपाली त्यांच्या घरी जाऊन आली. दार आतून लावलेले होते आणि आतून उत्तर एकच, “मी बरी हाव.”

गावातून निघाल्यावर वाटेत रूपालीने बांध सोडला. पेशंट मागे बसले आहेत याचेही तिला भान राहिले नाही.

“काका, प्लस अडीचला जागा आहे, प्लस तीनला आहे, स्क्रूच्या डबीला आहे. त्या आजीचा डोळा कुठल्या ड्रॉवरमध्ये? पत्ता सांगा, मी जाऊन काढते.”

गजभियेजींनी खिशातली पट्टी काढली आणि परत ठेवली. मला त्यांचा राग होता, आणि त्यांची दया येते आहे याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी किल्ली मागितली. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांनी ड्रॉवरची मधली रांग उपसून काढली. स्क्रू एकेक करून बशीत. मग माझ्या व्हरांड्यातून आसने नेली. दोन वर्षांत त्यांच्यावर माझ्या पत्नीने तुळशीची कुंडी आणि वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायला सुरुवात केली होती. ती निमूटपणे खाली उतरवली. आसनांचे बोल्ट त्यांनी एका पिशवीत जपून ठेवले होते, आठही, तेल लावून. ते परत लागतील असे त्यांना तेव्हाच वाटले होते का, हे मी विचारले नाही.

दोन दिवसांचे काम. त्यांनी सहा दिवस घेतले. गाडी अंगणात उघडीनागडी उभी आणि आंधळगावची आमची ठरलेली फेरी बुडाली. मी निरोप पाठवला, त्यांनी उलट निरोप पाठवला: “घाई केली तं पुन्हा खोलावं लागन.” चष्म्यांचे कप्पे आता दारांच्या आतल्या बाजूला गेले, टेबल छतावर गेले, आणि डाव्या-उजव्या ड्रॉवरना नवे क्रमांक पडले. जुने क्रमांक मला नुकतेच पाठ झाले होते.

पुढच्या सोमवारी आम्ही सिहोऱ्याच्या बाजूला उरलेल्या पेशंटांसाठी गेलो. शाळेच्या भिंतीशी, सर्वांच्या आधी, हातात कापडी पिशवी घेऊन सगुणाबाई उभ्या होत्या. रूपालीने माझ्याकडे पाहिले, मी रूपालीकडे. गजभियेजींनी दार उघडले, त्यांना मधल्या आसनावर बसवले आणि स्वतः मागच्या आसनावर जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसले. तुमसर ओलांडल्यावर सगुणाबाईच बोलल्या.

“हा आला होता ना माह्या घरी, बुधवारी. एसटीनं.”

“राहू द्या ना मावशी,” मागून आवाज.

“तू चुप बस. सर, एक घंटा बसला पायरीवर. मी पानी नाइ देल्लं. मुद्दामच नाइ देल्लं. म्हनलं, पाहू कवा जाते. गेलाच नाइ. मंग सांगे, मी अमुक गावच्या फुलाबाईचा पोरगा. माय रोवनारीन होती. म्हनलं, मंग तुले तं समजाले पायजे होतं.”

“मग काय म्हणाले?” रूपालीने विचारले.

“काय म्हनन? हो म्हने.” त्या थोड्या हसल्या. “मंग देल्लं पानी. तांदूळबी देल्ला. गेला मांडीवर गाठोडं घेऊन.”

रूपालीने मान वळवली. “काका, एसटीनं गेलात? एवढी गाडी असताना?”

“गाडी खोलून ठेवली होती ना,” गजभियेजी चिडून म्हणाले. “खुल्या गाडीत कसा जाऊ?”

ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर थांबले असते तर सांगता आले नसते. पायलीतला चौथा हिस्सा माझ्याही घरी आला, कागदाच्या पुडीत, पुडीवर पेन्सिलीने तारीख आणि गावाचे नाव.

गजभियेजी सुधारले, असे जर कोणाला वाटले असेल तर तो गैरसमज मी दूर करतो. पुढच्या खेपेपासून गाडीत एक नवा कप्पा दिसू लागला: आतून पत्रा लावलेला, झाकणाचा, लोकांनी दिलेल्या जिनसांसाठी. त्यात तांदळाला वेगळा खण, लाखोळीच्या डाळीला वेगळा, भाजीला जाळी. एका शेतकऱ्याने मोठ्या प्रेमाने कोहळे आणले, तर यांनी खिशातली पट्टी काढून ते मोजले आणि म्हणाले, “घेतो, दादा. पन पुढच्या वेळेस याच्यापेक्षा लहान आना.” शेतकरी म्हणाला, “वेलाले सांगून पाहतो.” कोहळे भंडाऱ्यापर्यंत माझ्या पायाशी गडगडत आले आणि ब्रेकखाली जाण्याच्या बेतात दोनदा होते. “काहून, सांगतलं होतं ना,” ते मला म्हणाले. मला त्यांनी काय सांगितले होते, हे आजही कळलेले नाही.

त्यानंतर ते आणखी दोन-तीन फेऱ्यांना आले असतील. मग छाती धरली, मग उन्हाळा आला, आणि एका दुपारी मागच्या गल्लीतून निरोप आला. पण मला ते आठवतात ते त्या फेऱ्यांतले नाहीत. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी सगुणाबाईंचा डोळा पाहायला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो, त्या दिवसाचे.

वेळ मुळीच नव्हती. आंधळगावची बुडालेली फेरी त्या दिवशी भरून काढायची होती. लोकांना चारची वेळ दिलेली, आणि तीन वाजून गेले होते. रूपालीने अंगणात उभे करून त्यांना बोटे मोजायला लावली. सगळी बरोबर. मग सगुणाबाई भोवती पाहू लागल्या. शेजारची भिंत, तिच्यावरचे कोंबडे, माझा चेहरा. गजभियेजींपाशी नजर थांबली.

“हा तोच काय?”

“हो, हेच ते,” रूपाली म्हणाली.

“मले तं जवान वाटला होता. आवाज कसा कडक.”

“आता दिसलो ना?” गजभियेजींनी विचारले.

“दिसला ना बाप्पा. म्हातारा हायेस गा तू.” त्यांनी आणखी जवळून पाहिले. “जेवत नाइस वाट्टे. बस.”

“मावशी, आंधळगावले लोक थांबून हायेत.”

“थांबू दे. बस.”

आत ताटे वाढलेलीच होती. गजभियेजींनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी परवानगीसाठी माझ्याकडे पाहिल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही. मी मनगटावरचे घड्याळ त्यांना दाखवले. “उशीर होतो आहे, गजभियेजी,” मी म्हणालो. आयुष्यात मोजक्या वेळी मी इतके स्पष्ट बोललो असेन. त्यांनी मान डोलावली, चपला काढल्या आणि ओट्यावर मांडी घालून बसले. पाठोपाठ रूपालीही बसली.

मी गाडीत जाऊन बसलो. इंजिन सुरू केले, म्हणजे समजेल. काचेतून सगळे दिसत होते. ते भात कालवत होते, सावकाश. सगुणाबाई उभ्या राहून वाढत होत्या आणि काहीतरी सांगत होत्या. रूपाली हसत होती. दुसऱ्यांदा भात आला तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही. मी हॉर्न वाजवला, एकदा, हळूच. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. आंधळगावची माणसे माझ्या डोळ्यांपुढे रांगेत बसली होती आणि त्यांना तोंड मलाच द्यायचे होते.

गजभियेजींनी वर पाहिले नाही. फक्त थोडे सरकले, आणि डाव्या हाताने ओट्यावर आपल्या शेजारी दोनदा थोपटले.

मी इंजिन बंद केले.